छोट्या वाक्यातल्या थापा

आमच्या घरी हळद शिजायला लागली की पहाटेचा सूर्य परड्यात वाकून बघायचा आणि आपला रंग फिका पडला म्हणून खजील होऊन ढगात तोंड घालायचा, असं मी आजवर निदान हजार माणसांना सांगितलं असेल. कुणी अडवलं नाही. ज्यानं कृष्णाकाठची हळद बघितलीय तो अडवणार नाही, आणि ज्यानं बघितली नाही त्याला अडवायचा अधिकार नाही. मोठ्या कायलीत हळकुंडं रटरटायची, वर उसाच्या पाचटाचं झाकण, आणि त्याच्या फटीतून निघणारी वाफ गल्लीभर हिंडायची. आईचे हात कोपरापर्यंत पिवळे. भाकरी पिवळी. म्हशीच्या पाठीवर पिवळे पंजे. पाव्हणा पांढऱ्या धोतरात यायचा आणि नवरदेव होऊन परत जायचा. वाळलेली हळद पिंपात घालून फिरवायची असायची, म्हणजे तिची साल निघून ती गुळगुळीत होते. त्या पिंपाचा खडखडाट दिवसभर असा चालायचा की पत्र्यावर गारा पडताहेत आणि थांबायचं विसरल्यात. त्या वर्षी पिंप फिरवायचं काम माझ्याकडं होतं, कारण मी मॅट्रिकला गचकलो होतो. गणितानं मला मारलं, इंग्रजीनं पुरलं. मराठीत तेवढा वाचलो, तेही निबंधात मी चंद्रावर जाऊन आल्याचं लिहिलं होतं म्हणून.

थापा मारणं आमच्यात आबांकडून आलं. आबा लष्करात होते. होते म्हणजे ट्रकमधून पीठ आणि डाळ पोचवायचे. पण संध्याकाळी कट्ट्यावर बसले की त्यांच्या डाळीच्या फोडणीचा वास घेऊन शत्रूची अख्खी पलटण हात वर करून यायची. पुढं पुढं ती पलटण दोन वेळा जेवून जायला लागली. आईनं आयुष्यात एक थाप मारली नाही, त्यामुळं आमच्या घरात तिला बोलायला फारसा वावच मिळाला नाही. आणि आक्का, माझी थोरली बहीण, ती आईवर गेलेली. साताऱ्याला राहून डी.एड. करून आली होती आणि आमच्याच गावच्या शाळेत रजेच्या जागेवर लागली होती. दुसरीचा वर्ग तिच्याकडं.

रजेची जागा म्हणजे पाहुण्याची खाट. वार्षिक परीक्षेला शाळा तपासायला दिपोटी यायचे. कागदोपत्री त्यांना विस्तार अधिकारी म्हणायला लागले होते, पण गाव म्हणायचं दिपोटीच. त्यांचा शेरा चांगला पडला तर आक्का पुढच्या वर्षी राहणार, नाहीतर नोकरी संपली. आणि नोकरी संपली की मिरज. मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा एका दवाखान्यात औषधं द्यायला, घर दुमजली, माणसं सज्जन, अट एकच की सून बाहेर कामाला जायची नाही. आबांनी त्यांना परीक्षेनंतर सांगतो असा निरोप दिला होता. आक्का भांडली नाही, रडली नाही. परीक्षेपर्यंत मला शिकवू द्या, एवढंच म्हणाली. मी मोठ्यानं बोलणारी माणसं पुष्कळ बघितली, त्यात मीही आलो, पण आक्काच्या त्या हळू बोलण्यात जेवढं होतं तेवढं आमच्या सगळ्यांच्या आरड्याओरड्यात मिळून नव्हतं. हे मला तेव्हा कळलं असं म्हणालो तर ती थाप होईल.

शाळेत आक्काच्या वर मुख्य म्हणून गुरुजी होते. गावाला त्यांचं नाव माहीत असेल-नसेल, गुरुजी म्हटलं की तेच. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी दिलेली आणि उरलेल्या अर्ध्याला छडी. त्यांच्या शाळेचा निकाल तालुक्यात गाजलेला. पोरगं उभं केलं की नळ सोडल्यासारखं धडा वाचायचं. आणि गावाला त्याचा अभिमान केवढा, तर संध्याकाळी दिवे लागले की घराघरातून धडे ऐकू यायचे. कुणी घोकतंय, कुणी गातंय, चुलीपाशी आई भाकरी थापता थापता हुं म्हणतेय. एका घरात एकच पुस्तक. ते थोरल्याकडून मधल्याकडं, मधल्याकडून धाकट्याकडं, आणि पाळण्यातलं पोर ते ऐकतच मोठं होणार. माझ्या चुलतभावाचं लेकरू पहिल्यांदा बोललं ते 'आई' नव्हे, 'धडा पहिला' बोललं, असं मी सांगत असे. चुलतभाऊ हयात होता तोवर तोही हो म्हणायचा.

एके दिवशी आक्का शाळेतून आली आणि जेवली नाही. आईनं हुलग्याचं माडगं पुढं ठेवलं, ते तसंच निवलं. मग तिनं चुलीपाशी बसून सांगितलं. बापू नावाचं पोर, वर्गातलं सगळ्यात हुशार, मोराचा धडा वाचत होतं. पुस्तकावर बोट फिरतंय, तोंड चालू आहे. खिडकीतून वारं आलं आणि पान उलटलं. समोर विहिरीचा धडा आला. बापूचं बोट विहिरीच्या ओळींवरून फिरत राहिलं आणि तोंडातून मोर नाचत राहिला. त्याला कळलं नाही. वर्गातल्या कुणालाच कळलं नाही. मग आक्कानं एकेकाला उठवून मधलाच शब्द विचारला, आणि एकालाही तो सांगता येईना. सुरुवातीपासून म्हणत आले तरच तो शब्द यायचा.

आबांना यात दुःख कसलं ते कळेना. मिल्ट्रीत सगळं पाठच असतंय, म्हणाले, लढाईत कोण वाचत बसतंय. आई मात्र हातातलं पीठ झटकून आक्काकडं बघत राहिली. आईला अक्षर येत नव्हतं. पण पोरांना पाठ आहे आणि पोरांना येतंय यात काय अंतर आहे, हे त्या घरात आक्काखालोखाल तिलाच कळलं असावं. तिला देवाच्या आरत्या सगळ्या पाठ होत्या.

आक्काचं म्हणणं साधं होतं. जे पोरांनी कधी ऐकलेलं नाही तेच त्यांना वाचायला द्यायला हवं. आणि ते असं हवं की पुढं काय झालं ते कळल्याशिवाय पोराला घरी जाववणार नाही. पण ते आणायचं कुठून? शाळेत पेटीभर गोष्टीची पुस्तकं होती, ती वाळवीनं वाचून संपवली होती. दुसऱ्या दिवशी परड्यात तिनं माझ्याकडं बघितलं. मी पिंपाच्या दांड्याला लोंबकळून घाम पुसत होतो आणि आईला सांगत होतो की या पिंपाच्या आवाजानं काल वरच्या आळीचा बहिरा ऐकायला लागला.

"तू थापा मारतोस ना," आक्का म्हणाली, "त्या मला लिहून दे."

असं माझं लेखन सुरू झालं. पुढं माणसांनी मला विचारलं की लेखक कसे झालात, तर मी नाना गोष्टी सांगितल्या. खरी गोष्ट ही, की पिंप फिरवण्यातून सुटका होत होती.

कागद सांगलीहून आले. आमचा मामा तिथं छापखान्यात होता. कुस्तीच्या मैदानाची पोस्टरं छापताना जे ताव बिघडायचे त्यांचा गठ्ठा तो एसटीतून धाडायचा. एका बाजूला मांड्या ठोकणारे पैलवान, दुसरी बाजू कोरी. बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला, काळी शाई कालवली, आणि आक्का त्या कोऱ्या बाजूवर हाताच्या पंजाएवढी अक्षरं काढायला लागली. ताव फाटू नये म्हणून आई पिठाची खळ शिजवायची आणि तो जुन्या लुगड्याच्या धडप्यावर चिकटवायची. पीठ वाया जातंय म्हणून कुरकुरायची आणि खळ दाट हवी म्हणून आणखी मूठभर टाकायची. प्रत्येक तावाच्या कडेला तिच्या बोटांचे पिवळे ठसे.

मी पहिल्याच दिवशी अशी गोष्ट लिहून दिली की तिच्यात अक्राळविक्राळ राक्षस, प्रचंड वादळ आणि चक्रव्यूह असं सगळं होतं. आक्कानं सगळ्यावर काट मारली. म्हणाली, ही जोडाक्षरं माझ्या पोरांच्या घशात अडकतील. थाप मार, पण छोट्या वाक्यात मार. मला वाटलं, थाप म्हणजे वळणं घेत जाणारी नदी, ती छोट्या वाक्यात कशी मावेल? पण ती ऐकेना. मग मी मामाच्या टोपीची गोष्ट काढली. मामा डोंगरावर गेला. वारा आला. टोपी उडाली. टोपी नदीत पडली. झालं, पहिला ताव संपला. दुसऱ्या दिवशी टोपी वाईला आली. घाटावर बाई धुणे धूत होती. तिला वाटले बदक. तिने टोपीला दाणे टाकले. असं करत करत टोपी कृष्णेतून खाली येत राहिली, आणि रोजचा ताव अशा ठिकाणी थांबायचा की पुढचा शब्द हवाच वाटावा. आजही मी लांब वाक्य लिहायला लागलो की आक्काची ती काट मला दिसते, आणि मग मुद्दाम आणखी लांब लिहितो. ती आता रागवायला नाही.

आठवड्याभरात वर्गातला आवाज बदलला. आधी गिरणीसारखा एकसुरी असायचा, आता कुजबुज, भांडण, मधेच हसणं. ताव भिंतीला टांगायच्या आधीच पोरं खाली वाकून वाचायला बघायची. सुटीत अर्धा वर्ग घाटावर जाऊन टोपीची वाट बघत बसायचा. एकानं तर गळ आणला होता. आईसुद्धा सकाळी खळ ढवळताना विचारायची, आज टोपी कुठवर आली रं? आणि या सगळ्यात पुढं होती पारू. पारूचा बाप आटपाडीकडचा धनगर, मेंढरं घेऊन आमच्या शिवारात उतरलेला, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं पोरीला शाळेत बसवलं होतं. तिच्या पालात ना थोरलं भावंड, ना पुस्तक. तिला एकही धडा पाठ नव्हता, म्हणून ती वर्गातली ढ. पण टोपी कुणालाच पाठ नव्हती. टोपीपुढं सगळे सारखे. पारू एकेक अक्षर मेंढरू मोजल्यासारखं हाताशी घेऊन, पक्कं करून, मगच पुढं जायची.

मग एका दुपारी गुरुजी घरी आले. आईनं ताक दिलं. इकडचं तिकडचं झालं, आणि गुरुजी खाली बघत आक्काला म्हणाले, "बाई, वाचणारं पोर अडखळतं. पाठ असलेलं अडखळत नाही. दिपोटी एका वर्गात जेमतेम अर्धा तास बसतात. एवढ्या वेळात त्यांना फक्त अडखळणं ऐकू येईल."

आक्कानं विचारलं, "म्हणजे गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

गुरुजींनी ताक संपवलं, भांडं उपडं ठेवलं आणि टोपी सारखी करून निघून गेले. मला राग आला. मी आक्काला म्हणालो की सोड आता, परीक्षेपर्यंत घोकून घे, शेरा पडला की पुन्हा टोपी सोडू नदीत. मला ती मिरजेला जायला नको होती. तिच्याशिवाय त्या घरात आबांच्या थापा आणि माझ्या थापा समोरासमोर येऊन घर फुटलं असतं. पण ती नाही म्हणाली. एकदा वाचायला लागलेल्या पोराला परत घोकायला लावणं तिला जमणार नव्हतं. तिनं पुस्तकातले धडेसुद्धा उलटसुलट क्रमानं, बोट ठेवून, सावकाश वाचून घ्यायला सुरुवात केली.

दिपोटी आले त्या दिवशी आबांची हळद सांगलीला निघायची होती. पोती गाडीत चढवून झाली होती. मी आईनं केलेल्या जायफळाच्या कॉफीची किटली घेऊन शाळेत गेलो आणि परत यायला सांगितलेलं असूनही दाराशीच उभा राहिलो. दिपोटींनी बापूला उभं केलं. गेल्या साली पहिलीत असताना ज्यानं त्यांच्यापुढं घडाघडा धडा म्हटला होता तो हा बापू. आता त्यानं बोट ठेवलं, ओठ चाटले, आणि एक शब्द वाचला. थांबला. दुसरा वाचला. परत मागं गेला. माझ्या किटलीचं झाकण वाजलं ते मलाच लाजिरवाणं वाटलं. दुसरं पोर तसंच, तिसरं त्याहून हळू. दिपोटी वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून, पुसून, ते शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले की बाई, वर्ग खाली आलाय, गेल्या वर्षी ही मुलं तयार होती. आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तर मिरजेचं ते दुमजली घर खिडक्यांसकट दिसायला लागलं.

त्यावेळी शेजारच्या वर्गातून गुरुजी आले. बरोबर त्यांच्या चौथीतला शिवा, पहिल्या नंबराचा. गुरुजींनी दिपोटींच्या पिशवीत डोकावणारा पेपर मागून घेतला, ताजा, सांगलीचा, आणि शिवाच्या हातात दिला. वाच बाळ, म्हणाले. शिवानं पेपर दोन्ही हातांनी ताठ धरला, छाती पुढं काढली आणि दुसरीत पाठ झालेला मोराचा धडा सुरू केला. पहिल्या ओळीपासून. डोळे पेपरच्या ओळींवरून डावीकडून उजवीकडं फिरताहेत, कुठं एक चूक नाही, कुठं श्वास चुकत नाही, मोर पिसारा फुलवतोय, ढग गडगडताहेत. कुणी हसलं नाही. दिपोटींनी मधे काही बोलायला तोंड उघडलं तर गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. धडा शेवटपर्यंत होऊ दिला. मग शिवाच्या पाठीवर हात ठेवून शाब्बास म्हणाले आणि त्याला खाली बसवलं. ते शाब्बास मी विसरलेलो नाही. त्यात उपरोध नावालाही नव्हता. त्याला शिकवलं तेच पोरानं केलं होतं.

"साहेब, ही माझी चौथी," गुरुजी म्हणाले. "आता हाच पेपर बाईंच्या दुसरीत द्या. कुणालाही."

कुणालाही म्हटल्यावर दिपोटींनी सगळ्यात मागं बसलेल्या पोरीला बोलावलं. पारू आली. पेपर तिच्याहून मोठा, म्हणून तो जमिनीवर पसरला आणि ती त्याच्यावर गुडघे टेकून बसली. बोट ठेवलं. "सां... ग... ली... त. सांगलीत." मग बराच वेळ. "ह... ळ... दी... चे. भा... व." आमच्या परड्यात एक कायल हळद शिजून निघाली असती एवढा वेळ लागला. "उ... त... र... ले." मग तिनं मान वर केली. आमच्या गावात त्याआधी वाचून झाल्यावर कुणी मान वर करून विचार करताना मी बघितलं नव्हतं. ती आक्काला म्हणाली, "बाई, मग तुमच्या आबांची गाडी आज जायाची न्हाई म्हना की."

दिपोटी हसले, आणि हसता हसता थांबले. नंतर व्हरांड्यात ते गुरुजींना विचारत होते की हे आता मी काय लिहू, आणि मी त्यांच्या कपात कॉफी ओतत होतो म्हणून मला ऐकू आलं. गुरुजी म्हणाले, "दिसलं ते लिहा. माझं संपत आलंय. हिचं आत्ता सुरू होतंय." आणि त्यांनी स्वतःच्या कपातली साखर ढवळली. आजवर मी पराक्रमाच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या, निम्म्या आबांच्या आणि निम्म्या माझ्या. पण बाहेरून कुणी चूक न दाखवता आपल्या सगळ्या जन्माच्या कामावर आपणच बोट ठेवणारा माणूस मी तेवढा एकच बघितला, आणि त्याला वाढवून सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

मी घरी पळालो. आबा बैल जुंपून पागोट्याला शेवटचा पीळ देत होते. मी भाव उतरल्याचं सांगितलं. कुणी सांगितलं, म्हणाले. म्हटलं पेपरात आलंय, धनगराच्या पारूनं वाचलं. आबांनी माझ्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं, आणि खाली वाकून बैलाचा खूर तपासायला लागले. खूर जरा दुखावलेला दिसतोय, आज न्हाई जमायचं, असं म्हणून त्यांनी गाडी सोडली. दुसरीतल्या पोरीच्या वाचनावर मी गाडी थांबवली हे त्यांनी मरेपर्यंत मान्य केलं नाही. पण दिपोटींचा शेरा आक्काच्या बाजूनं पडला तेव्हा त्यांनी आपण होऊन मिरजेला निरोप धाडला की मुलगी शाळा सोडणार नाही, चालत असेल तर या. ते आले नाहीत. आक्काचं लग्न पुढं झालं, मेढ्याकडच्या एका मास्तरांशी, आणि कुस्तीच्या पोस्टरांचा गठ्ठा तिच्या रुखवतात ट्रंकेच्या वर बांधून गेला.

गुरुजींच्या चौथीविषयी दिपोटींनी दिसलं तेच लिहिलं. त्या वर्षी तालुक्याला गुरुजींचा सत्कार व्हायचा ठरला होता, शाल आणि नारळ. तो दुसऱ्याच कुणाचा झाला. गावात थोडी कुजबुज झाली, आणि गावाची कुजबुज जशी विरते तशी विरली. संध्याकाळचे घराघरांतले धडे मात्र त्यानंतर जरा हळू ऐकू यायला लागले, निदान मला तसं वाटायचं.

सुट्टी लागायला अजून थोडे दिवस होते. गुरुजी एका सकाळी आक्काकडं येऊन टोपीचा ताव मागून घेऊन गेले. कुठलाही चालेल, म्हणाले, पण माझ्या पोरांनी न ऐकलेला हवा. मी नवाच लिहिला. टोपी कराडला आली, कोयनेचं पाणी कृष्णेत शिरतं तिथं. आक्कानं एका जोडाक्षरावर काट मारली होती, पण चौथीसाठी म्हणून मी भांडून ते परत घातलं. ताव टांगायला मीच गेलो. गुरुजी त्या दिवशी खुर्चीवर बसले नाहीत. मागं, पोरांच्या ओळीत, पोत्यावर मांडी घालून बसले.

शिवा उभा राहिला. "टोपी," त्यानं वाचलं. मग पुढच्या शब्दावर अडकला. "भो... भोव..." त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं मागं वळून गुरुजींकडं बघितलं. पोरगं अडलं की पुढचा शब्द आपण सांगायचा, तो पोरानं उचलायचा, असंच त्या वर्गात वर्षानुवर्षं चाललेलं. गुरुजींचे ओठ त्या शब्दावर आले. मी दारातून बघत होतो, शब्द ओठांवर दिसत होता. पण त्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि बसून राहिले. शिवा थोडा वेळ वाट बघून परत तावाकडं वळला.

"भो... भोव... भोवऱ्यात," शिवा म्हणाला, आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.